ऱ्हाईन, मधल्या खुणेपर्यंत

जून उजाडला की आमच्या इथे ऱ्हाईनला पाणी चढतं, आणि गंमत अशी की आभाळात ढगाचा एक तुकडा नसतो. लख्ख ऊन पडलेलं. लोक अर्ध्या चड्डीत सायकली हाकतायत, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागल्यायत, लिंडेनच्या झाडांना मधाचा वास सुटलाय, आणि नदी मात्र काठोकाठ भरून, लग्नघरी उशीर झाल्यासारखी लगबगीने चाललेली. मी गोदाकाठचा, कोपरगावचा माणूस. आमच्याकडे नदी फुगायची तर आधी आभाळ चार दिवस नाटक करणार, विजा, गडगडाट, छत्र्या उलट्या, आणि मग कुठे पाणी. इथे सगळं परस्पर. तिकडे लांब आल्प्समध्ये कोणाच्या तरी माथ्यावरचा बर्फ वितळतो आणि आमच्या पायाशी पाणी येतं. एकाचं दुःख आणि भरून आलेले डोळे दुसऱ्याचे, असला प्रकार.

वाल्डॉर्फजवळच्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथून नदी पंधरा किलोमीटरवर. दर जूनमध्ये मी सायकल काढतो आणि पाणी किती चढलं ते बघून येतो. बायको, मेधा, म्हणते, "अहो, नदी कुठे पळून चाललीय? टीव्हीवर सांगतात की पातळी." सांगतात. पण टीव्हीवरच्या नदीत पाय बुडवता येत नाहीत, आणि पाय बुडवल्याशिवाय मला दोन हजार चारचा उन्हाळा आठवत नाही. खरं म्हणजे आठवू नये म्हणूनही मी बरेच उपाय करतो. पण पाणी चढलं की तोही चढतो.

त्या उन्हाळ्यात आप्पा आले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं कोपरगावच्या शाळेत भूगोल शिकवला. त्यांची कीर्ती एका करामतीसाठी होती. निळा खडू घ्यायचा, वर्गाकडे पाठ करायची, आणि हात न उचलता, एका दमात, फळ्यावर नदी काढायची. नाईल, गंगा, मिसिसिपी, मागाल ती. पण ऱ्हाईन ही त्यांची हुकमी चीज. आल्प्समध्ये खडू टेकायचा, बोडनसे सरोवराचं पोट काढायचं, तिथून सरळ पश्चिमेला, बाझल गावाशी गुडघ्यात वाकवून एकदम उत्तरेला, आणि मग डुलत डुलत डावीकडे समुद्रात. खडू ठेवून वळले की बोटं झटकत म्हणायचे, "आधी ही नदी एका देशाला दुसऱ्यापासून वेगळं करते, मग तिसऱ्यापासून वेगळं करते, आणि शेवटी सगळ्यांचं पाणी एकत्रच नेऊन ओतते. काय उपयोग झाला?" वर्ग हसायचा. मी त्या वर्गात तिसऱ्या बाकावर. घरी मी 'अरे गाढवा', वर्गात 'उठा, तिसरा बाक'. आम्ही पोरांनी तोवर गोदावरीच्या पलीकडचा काठ सोडून काही पाहिलेलं नव्हतं. आप्पांनी तरी कुठे पाहिलं होतं? पण खडू असा फिरायचा की वाटावं, हा माणूस काल संध्याकाळीच बाझलहून परत आलाय.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी त्यांना बोलावलं. विझाचा अर्ज मीच भरला. त्यात एक चौकोन होता: प्रवेश एकदा की अनेकदा? मी 'एकदा'वर खूण केली. अनेकदा मागितलं तर साहेबाला वाटेल, यांचा काही तरी बेत आहे. पानात लागेल तेवढंच घ्यावं, ही आप्पांचीच शिकवण. आपल्याकडची सगळी शहाणी मुलं अशीच वाढलेली असतात, आणि अशाच चौकोनांवर खुणा करत जगभर फिरत असतात.

दुसरा चौकोन मात्र मी कधीच भरून टाकला होता, आणि तो आप्पांना ठाऊक नव्हता. मी जर्मन झालो होतो. म्हणजे नाक तेच, वरणाला फोडणी तीच, पण पासपोर्ट लाल. माझं काम गिअरबॉक्सच्या भागांची तपासणी करण्याचं. आज इंग्लंड, उद्या मेक्सिको, आणि प्रत्येक ठिकाणच्या वकिलातीसमोर पहाटे रांग लावायची, फोटो द्यायचे, लग्नाचा दाखला द्यायचा. कंटाळलो. आदल्या शरद ऋतूत सही केली. मेधाने केली नाही, ती म्हणाली, "मला कुठे मेक्सिकोला जायचंय?" सई, आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. तिचाही लाल झाला. आणि जर्मन पासपोर्ट घ्यायचा तर भारतीय सोडावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. माझा निळा पासपोर्ट एक कोपरा कापून मला परत मिळाला, कान कापलेल्या सशासारखा.

आप्पांना सांगितलं नाही, कारण शहाण्णव साली निघताना मी त्यांना म्हणालो होतो, "पाच वर्षं, आप्पा. मग परत." त्यांनी ते लिहून घेतलेल्या उत्तरासारखं खरं धरलं आणि घरावर दोन खोल्या चढवल्या. दरवर्षी गणपतीआधी त्या खोल्यांना चुना लागायचा आणि मला फोनवर रंग सांगितला जायचा. या वर्षी फिका पिवळा. या वर्षी आकाशी. आईच्या माघारी एकट्या माणसाला फोनवर काय सांगणार? येतील तेव्हा समोर बसून सांगू, असं ठरवलं. आणि ते आले त्या दिवशी दोन्ही लाल पासपोर्ट उचलून ओव्हनच्या ट्रेखाली लपवले.

"अहो, सांगून टाका," मेधा म्हणाली. "ते काय मारणार आहेत का तुम्हाला?"

"मारलं तर बरंच होईल," मी म्हणालो.

केक करायची वेळ येईपर्यंत, म्हणजे सईच्या वाढदिवसापर्यंत, मला मुदत होती.

काय उन्हाळा होता तो! आप्पांनी मनगटावरचं घड्याळ कोपरगावच्याच वेळेवर ठेवलं होतं. साडेतीन तासांचा फरक. सई शाळेतून यायची दुपारी पावणेचारला, तेव्हा हा माणूस देवापुढे दिवा लावून 'शुभंकरोति' म्हणत असायचा.

"अहो आप्पा, बाहेर ऊन बघा केवढं, आत्ता कसला दिवा?" मेधा विचारायची.

"कोपरगावात अंधार पडलाय, मेधा," आप्पा म्हणायचे. "तिथे आता घरात कोणी नाही लावायला."

ती काडेपेटी जवळ सरकवायची.

श्पार्गेलचा हंगाम संपत आलेला. पांढऱ्या शतावरीसाठी इथली माणसं मे-जूनमध्ये वेडी होतात. आप्पांनी एक कांडी तोंडात धरून बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "शेवग्याची शेंग आजारी पडली की अशी लागेल." सई खो खो हसली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आप्पांना जर्मनमधलं 'या', म्हणजे 'हो', तेवढं कळायचं. तरी दोघं तासन्‌तास बोलायचे. एकदा तिने रस्त्यावर रेघोट्या मारायचे जाड खडू आणले. आप्पांनी त्यातला निळा उचलला. आमच्या इमारतीच्या फरशी घातलेल्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपासून सायकलींच्या स्टँडपर्यंत, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कमरेत वाकून उलट्या पावलांनी चालत गेला, आणि मागे ऱ्हाईन उमटत गेली. एका दमात. डब्यांपाशी आल्प्स, स्टँडपाशी समुद्र. तळमजल्यावरची म्हातारी शेजारीण खिडकीतून बघत होती. मी मनात माफीची वाक्यं जुळवू लागलो, कारण अंगणात काय करू नये याचे आमच्याकडे दोन पानी नियम आहेत. ती चपला घालून बाहेर आली, नदीच्या काठाकाठाने चालली, एका जागी थांबली आणि बोट दाखवून म्हणाली, "मी इथली." आप्पांनी वाकून तिथे एक ठिपका काढला. एवढंच झालं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि निळं पाणी गटाराच्या जाळीतून गेलं.

मग रविवारी आम्ही खरी नदी बघायला निघू लागलो. पहिल्या रविवारी श्पायर. तिथे दोन्ही काठ जर्मनीचेच. आप्पांनी मोजे काढून घडी करून बुटात ठेवले, पायजमा गुडघ्यापर्यंत घेतला आणि पाण्यात उभे राहिले. आधी नमस्कार केला. मग ओंजळीत पाणी घेऊन म्हणाले, "बर्फाचंच आहे. पुस्तकात बरोबर दिलंय." चौतीस वर्षं शिकवलेलं खरं निघालं म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पाण्यात उभ्या माणसाला वाईट बातमी देऊ नये, असं काही तरी मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी केल. इथे मधून नदी, पलीकडे फ्रान्स. पुलावरून चालत स्ट्रासबर्गच्या काठावर गेलो. अडवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही, एक कुत्रं तेवढं हुंगून गेलं. आप्पा पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होते. "म्हणजे देश बदलला?" "बदलला, आप्पा." "आणि कोणी काहीच म्हणालं नाही?" त्यांना ते जरा अपमानास्पदच वाटलं असावं. नकाशावर ती रेघ ते ठिपका-काडी, ठिपका-काडी अशी किती मन लावून काढायचे! पलीकडे बाकावर बसून त्यांनी सईला सांगितलं, की पूर्वी ही नदी इथे केसांच्या बटांसारखी विस्कटलेली होती, मग माणसांनी ती विंचरून सरळ केली, तेव्हा काही शेतं झोपेतच एका देशातून दुसऱ्यात गेली. सईने जर्मनमध्ये विचारलं, "मग शेतांमधल्या गाईंना कोणी सांगितलं का?" मी भाषांतर केलं. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "गाईंना कोणीच काही सांगत नाही." मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे.

तिसऱ्या रविवारची कल्पना माझीच. मी सकाळी चहाबरोबर गोष्ट काढली, आणि गोष्ट सांगायला लागलो की मला भान राहत नाही. "आप्पा, एक पूल दाखवतो. दोन काठांवरून दोन देशांनी बांधायला घेतला, आणि मध्ये भेटायची वेळ आली तर एकाची बाजू चोपन्न सेंटिमीटर वर!"

आप्पांचा टोस्ट हवेतच थांबला. "कसं शक्य आहे? समुद्रसपाटीपासून मोजलं असेल ना?"

"गेनाऊ, बरोब्बर! पण कुठल्या समुद्राच्या?"

खरी गोष्ट आहे ही, मी रचलेली नाही. जर्मनी उंची मोजते ती ॲमस्टरडॅमच्या समुद्रापासून. स्वित्झर्लंड मोजतं मार्सेच्या, म्हणजे भूमध्य समुद्रापासून. दोघांच्या शून्यांत सत्तावीस सेंटिमीटरचा फरक. तो सगळ्यांना माहीत होता, हिशेबात धरलाही होता. फक्त जिथे मिळवायचा तिथे वजा केला. सत्तावीसचे चोपन्न झाले. बांधता बांधता चूक सापडली आणि एका बाजूला सगळं खाली घ्यावं लागलं. मी मायक्रॉनमध्ये जगणारा माणूस. केसाच्या जाडीएवढ्या चुकीसाठी लोकांना रडवतो. ती बातमी वाचून मला आठवडाभर गुदगुल्या होत होत्या.

आप्पा आधी हसले, ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी पाणी पिऊन पेला बाजूला ठेवला. "पण मी मुलांना शून्य एकच सांगत आलो रे," ते म्हणाले.

लाउफेनबुर्ग गाडीने तीन तासांवर. गाव एकच, मधून ऱ्हाईन. दोनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच सेनापतीने नदी ही सीमा ठरवली आणि गावाचे दोन तुकडे झाले. नाव दोन्हीकडे तेच राहिलं. उत्तरेचं जर्मनीत, दक्षिणेचं स्वित्झर्लंडमध्ये. खिडक्यांत त्याच लाल फुलांच्या कुंड्या. पूर्वी इथे नदी खडकांवरून उड्या मारत जायची. पुढे वीजनिर्मितीसाठी खडक फोडले, आता पाणी निमूट जातं. गावाबाहेरचा तो नवा पूल आम्ही पाहिला. जोडलेला होता, रस्ता व्हायचा होता. आप्पांनी एक डोळा मिटून, अंगठा धरून कुठे उंचवटा दिसतोय का ते पाहिलं. दिसला नाही. जरा खट्टू झाले.

मग गावातल्या जुन्या पुलाशी आलो. आणि इथे, बघा, माझी सगळी हुशारी संपली. फ्रान्सच्या काठाची सवय झालेली. स्वित्झर्लंडचं तेव्हा तसं नव्हतं. पुलाच्या तोंडाशी चौकी, चौकीत पांढऱ्या मिशांचा, गोल पोटाचा अधिकारी. पलीकडे जायचं नव्हतंच आम्हाला, आप्पांकडे तिथला विझा नव्हता. "नुसतं मध्यापर्यंत जाऊन येऊ," मी म्हणालो, आणि चालू पडलो. मेधा गाडीपाशी थांबली होती, तिला चढाचा त्रास होतो. सई पुढे.

"कागदपत्रं, प्लीज."

आप्पांचा पासपोर्ट माझ्याच पिशवीत होता. आमचे दोन, सीमेवर जायचं म्हणून, त्या सकाळी ओव्हनमधून काढून मी खिशात टाकले होते. असं बघा, कागद मागितल्यावर आपले तेवढे खिशातच ठेवता येत नाहीत. मी तिन्ही काउंटरवर ठेवले. एक निळा. दोन लाल.

अधिकाऱ्याने लाल उघडलेसुद्धा नाहीत, नुसते बोटाने बाजूला सारले. "तुम्ही आणि मुलगी, जा." निळा मात्र पान न्‌ पान चाळला. "आजोबांचा विझा एकदाच येण्याचा आहे. ते पलीकडे गेले तर मी त्यांना परत घेऊ शकत नाही." मग त्याने आप्पांकडे पाहिलं, म्हातारपणी म्हाताऱ्याकडे बघतात तसं. "आल्झो, असं करा, मधल्या खुणेपर्यंत जाऊ द्या त्यांना. तिथून पुढे एक पाऊलही नाही. मी इथून बघतोय."

मी भाषांतर केलं. आप्पा काउंटरकडेच बघत होते. पासपोर्ट मी उचलायच्या आधी त्यांनी लाल एक हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, मुखपृष्ठावरचा सोनेरी गरुड पाहिला, आतलं पान उघडून माझा फोटो पाहिला, आणि मिटून माझ्या हातात दिला. मुलाची वही तपासून परत द्यावी तसा.

आम्ही चालू लागलो. खाली हिरवं पाणी इतकं चढलेलं की पुलाच्या दगडांवर त्याचा गार श्वास लागत होता. मध्यावर सीमेची खूण होती. आप्पा तिच्या अलीकडे, बूट जुळवून उभे राहिले. सई तिच्यावरून उड्या मारत होती. "आजोबा, आता मी श्वाइत्समध्ये! आता डॉइशलँडमध्ये!"

"तिचा पण लाल?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"मेधाचा?"

"तिचा निळाच आहे."

"कधी केलंस?"

"मागच्या दिवाळीच्या आधी."

त्यांनी बोटांवर काही तरी मोजलं. "म्हणजे गणपतीत मी आकाशी रंग सांगितला, तेव्हा अर्ज दिलेला होता."

"हो, आप्पा."

"मला वाटलंच. आकाशीला काही म्हणाला नाहीस तू. एरवी वाद घालतोस."

मी कठड्याला धरून उभा. समोर दोन्ही काठांवर माणसं आइस्क्रीम खात होती. मी म्हणालो, कामासाठी, प्रवासासाठी, नुसता कागद आहे, मनात काही बदललेलं नाही. जे जे म्हणतात ते सगळं म्हणालो. आप्पांनी ऐकून घेतलं.

"जुना कुठाय?"

"घरी. कोपरा कापून परत दिला."

"तो मला दे. तुला आता लागायचा नाही." मग पाण्याकडे बघत, "वरच्या खोल्या कोणाला राहायला देऊन टाकू का? शाळेत दोन नवीन शिक्षिका आल्यायत. लांबून येतात."

"आप्पा, मी येणार आहे ना..."

"येशील रे. पाहुणा म्हणून आलास तर खाली झोपशील. खाली गार असतं."

ते रागावले असते तर मी त्या पुलाला आजही शिव्या घालू शकलो असतो. पण त्यांनी खुणेपलीकडे उभ्या असलेल्या सईला हाक मारली आणि वर, पाणी येतं त्या दिशेला, हात केला. "तिकडे वर मोठं सरोवर आहे, बघ. त्याला तीन देश लागून आहेत. आणि त्या सरोवराच्या मधोमध सीमा कुठून जाते, हे अजून कोणी ठरवलेलंच नाही."

"मग तिथे कोण कोणाचं?" सईने विचारलं. जर्मनमध्येच. आणि आप्पांना ते कसं कोण जाणे, कळलं.

"तिथे नुसतं पाणी आहे," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी अधिकाऱ्याला नमस्कार केला. त्यानेही टोपीला हात लावला. "पुढच्या वर्षी दोन्ही विझे काढू, पलीकडे जाऊ," मी गाडीत म्हणालो. आप्पा 'बरं' म्हणाले. उरलेले तीन आठवडे ते तसेच राहिले. दुपारी दिवा, श्पार्गेलची थट्टा, सईशी गप्पा. फक्त मला 'अरे गाढवा' म्हणणं त्यांनी बंद केलं. मला 'तुम्हाला चहा हवाय का' असं विचारल्यासारखं, अगदी जपून बोलू लागले. ते कसं लागतं, हे ज्याला लागलंय त्यालाच कळेल. मुंबईच्या विमानात बसताना त्यांच्या शबनम पिशवीत माझा कोपरा कापलेला पासपोर्ट होता.

पुढच्या वर्षी गुडघा दुखत होता म्हणून ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये, शुक्रवारी दुपारी, चुलतभावाचा फोन आला. "आप्पांना दम लागलाय. दवाखान्यात नेतोय. तू निघ."

आईच्या वेळी असाच फोन आला होता. तेव्हा मी बॅग भरली, विमानतळावर तिकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी होतो. घरी जायला कोणाला विचारायचं असतं, हे मनातही आलं नव्हतं. या वेळीही मी बॅग भरली. सवयीने. चेन लावली, आणि मग पलंगावर लाल पासपोर्ट पडलेला दिसला. मूळ भारतीय असलेल्यांसाठी एक कार्ड मिळतं, ते असलं की विझा लागत नाही. त्याचा अर्ज सहा महिने माझ्या खणात पडून होता, एका फोटोसाठी अडलेला. दुसऱ्यांच्या चुका मायक्रॉनमध्ये मोजणारा मी. शुक्रवारी दुपारी कचेऱ्या बंद. शनिवार, रविवार बंद. सोमवारी फ्रँकफर्टच्या खिडकीवरच्या बाईंनी माझा चेहरा पाहून तासाभरात विझा दिला, दोष त्यांचा काडीचा नाही. आप्पा शनिवारी सकाळीच गेले होते. दुपारी चुलतभावाने अग्नी दिला. "किती थांबणार, दादा," तो फोनवर म्हणाला. "पाऊस लागला होता. नदीला पाणी चढत होतं."

गेल्या डिसेंबरपासून स्वित्झर्लंडच्या सीमेवरही कोणी पासपोर्ट बघत नाही. मागच्या रविवारी लाउफेनबुर्गला जाऊन आलो. चौकी रिकामी, काचेवर धूळ. सई आता तेरा-चौदाची. कानात गाणी घालून ती पुलावरून सरळ पलीकडे गेली, खूण कधी आली, कधी गेली, तिला कळलंही नाही. कळायचं कारणही नाही. मी मध्यावर थांबलो. पाणी तसंच चढलेलं, तसंच हिरवं. खरं सांगतो, पाय पुढे पडेना. मागे वळून चौकीकडे बघत राहिलो, कोणी तरी मला अडवावं म्हणून.

पण अडवायचं तिथे अडवून झालं होतं. आप्पा गेल्यावरच्या त्या मंगळवारी सकाळी मुंबईत उतरलो तेव्हा पाय सवयीने डावीकडच्या रांगेकडे वळले. पोलिसाने हाताने दाखवलं, 'परदेशी तिकडे'. तिकडच्या रांगेत माझ्या पुढे टोप्या घातलेले प्रवासी, अंगाला सनक्रीमचा वास. माझी पाळी आली. काचेमागचा तरुण अधिकारी इंग्रजीत सुरू झाला, मग जन्मगाव वाचून थबकला.

"कोपरगाव? अहो, मी येवल्याचा!" त्याला खराखुरा आनंद झाला होता. "किती दिवसांनी आलात?"

"तीन वर्षांनी."

"या फॉर्मवर येण्याचं कारण लिहिलं नाहीत तुम्ही. काय लिहू?"

मी काचेतून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघितलं.

"घरी कोण असतं?" त्याने विचारलं.

"वडील," मी म्हणालो.

"मग तेच लिहितो, वडिलांना भेटायला." त्याने ते नीट अक्षरात लिहिलं, शिक्का मारला आणि पासपोर्ट काचेखालून माझ्याकडे सरकवला. "जा लवकर. वाट बघत असतील."